ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे करार झाला असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अमेरिकेतल्या कॉलेजात फुटबॉल खेळा, पदवी मिळवा आणि तिथूनच व्यावसायिक लीग गाठा' अशा आशयाच्या जाहिराती दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास पुण्या-मुंबईत हमखास दिसतात. क्रीडा पानांवर एखाद्या कॉलेज खेळाडूची 'एमएलएस ड्राफ्टमध्ये निवड' झाल्याचं छापून येतं आणि बातमी तिथंच संपते. ड्राफ्ट म्हणजे लीगचे संघ आळीपाळीनं कॉलेज खेळाडूंची नावं पुकारून निवड करतात तो कार्यक्रम. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे एमएलएसमध्ये, गोल करणाऱ्या माणसाचं करिअर त्या दिवशी ठरत नाही. ते पुढच्या तीन-चार वर्षांत, राखीव संघाच्या ओस पडलेल्या मैदानांवर ठरतं. मुलाला या वाटेला लावू पाहणाऱ्या पालकांसाठी हा मधला भाग नीट मांडायला हवा, म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

उदाहरण ख्रिस वॉन्डोलोव्स्कीचं घेतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा एमएलएसच्या साखळी सामन्यांत त्याचे १७१ गोल होते. लीगच्या इतिहासात तोवर इतके गोल कुणीच केले नव्हते. २०१० ते २०१९ असे सलग दहा हंगाम त्यानं दोन आकडी गोल केले. २०१२ मध्ये तर २७ गोल करून त्यानं रॉय लॅसिटरचा १९९६ पासूनचा विक्रम गाठला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढं वाचून कुणालाही वाटेल की हा पोरगा नामांकित विद्यापीठातून आला असणार आणि पहिल्या फेरीत उचलला गेला असणार.

प्रत्यक्षात तो उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको स्टेटचा. हे कॉलेज एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेच्या) दुसऱ्या विभागात खेळतं, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या विद्यापीठांच्या एक पायरी खाली. २००१ ते २००४ अशी चार वर्षं तो तिथं खेळला आणि २००३ मध्ये त्याचा संघ दुसऱ्या विभागाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. २००५ च्या मुख्य ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणीच पुकारलं नाही. त्यानंतर उरल्यासुरल्यांसाठी जो पुरवणी ड्राफ्ट होत असे, त्यात चौथ्या फेरीत, ४१ व्या क्रमांकावर, सॅन होजे अर्थक्वेक्सनं त्याला घेतलं. त्याच वर्षाअखेरीस तो अख्खा संघ ह्यूस्टनला हलला आणि डायनॅमो झाला. डायनॅमोनं २००६ आणि २००७ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवली. पण पुढच्या फळीत ब्रायन चिंगसारखे खेळाडू असल्यानं वॉन्डोलोव्स्की बहुतेक वेळ बाकावर किंवा राखीव संघात. जून २००९ मध्ये कॅम वीव्हर नावाच्या फॉरवर्डच्या बदल्यात त्याला नव्यानं उभ्या राहिलेल्या सॅन होजे संघाकडे धाडलं गेलं. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. २००५ ते २००९ या पाच हंगामांत मिळून त्याचे लीगमधले गोल किती? सात.

पुढच्या एकाच हंगामात अठरा.

हा आकडा पाहून 'जिद्द', 'चिकाटी' वगैरे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळून तीन गोष्टी पाहाव्यात. एक, त्या पाच वर्षांत तो नुसता बसून नव्हता. २००५ साली एमएलएसनं राखीव संघांची स्वतंत्र लीग सुरू केली होती आणि तिथं तो सातत्यानं नव्वद मिनिटं खेळत, गोल करत होता. दोन, सॅन होजेत त्याला फ्रँक यॅलपसारखा प्रशिक्षक मिळाला, ज्यानं त्याला पुढच्या फळीत जागा दिली. तीन, पुढे त्याच्या जोडीला स्टीव्हन लेनहार्ट आणि ॲलन गॉर्डन हे दोन धिप्पाड खेळाडू आले. लांबून आलेले उंच चेंडू ते डोक्यानं खाली पाडायचे, बचावपटूंना अंगावर घ्यायचे, आणि सुटलेल्या चेंडूवर वॉन्डोलोव्स्की हजर असायचा. २०१२ चे २७ गोल या जोडीशिवाय झाले नसते. फॉरवर्ड एकट्यानं मोठा होत नाही. त्याच्या गुणाला साजेशी व्यवस्था भोवती लागते. कॉलेजातून आलेल्या पोराला ती व्यवस्था निवडण्याची मुभाच नसते, कारण ड्राफ्टमध्ये संघ खेळाडूला निवडतो, खेळाडू संघाला नाही.

आता कॉलेजच्या खेळाबद्दल. एनसीएएचा पुरुषांचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि राष्ट्रीय स्पर्धेत टिकलात तर डिसेंबरच्या मध्याला संपतो. साधारण अठरा-वीस सामने, तेही जेमतेम तीन महिन्यांत, म्हणजे आठवड्याला बहुधा दोन. एमएलएसचा साखळी हंगाम ३४ सामन्यांचा आणि आठ-नऊ महिन्यांचा. फरक फक्त संख्येचा नाही. कॉलेजात बदली खेळाडूंचे नियम सैल आहेत: पहिल्या सत्रात बाहेर गेलेला खेळाडू दुसऱ्या सत्रात परत येऊ शकतो, दुसऱ्या सत्रात बाहेर गेलेल्यालाही एकदा परत येता येतं. त्यामुळे प्रशिक्षक फॉरवर्डना पंचवीस-तीस मिनिटं जीव तोडून पळवतात, बसवतात, पुन्हा सोडतात. खेळ थेट आणि धावपळीचा होतो. अशा खेळात वेगवान, दांडगा पोरगा चमकतो. पण सत्तराव्या मिनिटाला पाय जड झालेले असताना, समोर दहा जण आपल्या बॉक्सपुढे (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीपुढे) भिंत करून उभे असताना, कुठे उभं राहायचं हे तो शिकत नाही, कारण तोवर तो बाकावर गेलेला असतो. व्यावसायिक लीगमध्ये पाच बदल आणि एकदा बाहेर तो बाहेर.

म्हणूनच कॉलेजातले गोल मोजून काही कळत नाही. क्लिंट डेम्प्सी फर्मन विद्यापीठाचा. २००४ च्या ड्राफ्टमध्ये तो आठवा गेला, त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, जानेवारी २००७ मध्ये इंग्लंडच्या फुलहॅमला गेला आणि २०११-१२ च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये त्यानं १७ गोल केले. अमेरिकेसाठी त्याचे ५७ गोल, लँडन डोनोवनच्या बरोबरीनं राष्ट्रीय संघाचा विक्रम. डेम्प्सीचा गुण गोलांच्या यादीत दिसणारा नव्हता. गर्दीत चेंडू अंगाशी धरून पहिल्या स्पर्शात वळण्याचा होता. दुसरं टोक सायल लॅरिनचं. कनेक्टिकट विद्यापीठातून २०१५ मध्ये ऑर्लँडो सिटीनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्यानं १७ गोल केले. नवोदितासाठी तो विक्रम होता. पण ऑर्लँडो त्या वर्षी लीगमध्ये नव्यानं आलेला संघ. जागा मोकळी होती, मिनिटं पहिल्यापासून मिळाली. हेच पोरगं विजेत्या संघात गेलं असतं तर कदाचित दोन वर्षं राखीव संघात काढली असती.

ड्राफ्टची किंमतही आता पूर्वीची राहिलेली नाही. २००८ पासून एमएलएस संघांना स्वतःच्या अकादमीतला खेळाडू ड्राफ्टविना थेट करारबद्ध करता येतो. जॉर्डन मॉरिसनं २०१५ च्या डिसेंबरात स्टॅनफर्डला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. पण ड्राफ्टमध्ये तो उतरलाच नाही. सिएटलच्या अकादमीत तो आधी होता, त्यामुळे जानेवारी २०१६ मध्ये सिएटलनं त्याला सरळ घेतलं आणि पहिल्या हंगामात त्यानं बारा गोल केले. म्हणजे सर्वांत चांगली पोरं बहुतेक आधीच बाजूला काढलेली असतात आणि ड्राफ्टमध्ये जे उरतात त्यांतून संघ निवड करतात. २०२७ च्या उन्हाळ्यापासून एमएलएसचा हंगाम युरोपसारखा जुलै ते मे असा होणार आहे. कॉलेजचा हंगाम डिसेंबरात संपतो, तेव्हा लीगचा निम्मा हंगाम उलटलेला असेल. चालू हंगामात आलेल्या कोऱ्या पोराला थेट पहिल्या संघात कोण घेणार? राखीव संघाची वाट आणखी लांबेल, असा माझा कयास आहे.

अलीकडचं उदाहरण पाहायचं तर पॅट्रिक अजेमांगचं. कनेक्टिकटमधल्या तिसऱ्या विभागातल्या एका कॉलेजात त्यानं सुरुवात केली, तिथून ऱ्होड आयलंड विद्यापीठात, म्हणजे पहिल्या विभागात, बदली घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या ड्राफ्टमध्ये शार्लट एफसीनं त्याला बाराव्या क्रमांकावर घेतलं आणि लगेच पहिल्या संघात न खेळवता एमएलएस नेक्स्ट प्रो या खालच्या लीगमधल्या आपल्या दुय्यम संघात, क्राउन लेगसीत, धाडलं. ही लीग २०२२ मध्ये सुरू झाली. २०२४ मध्ये शार्लटसाठी दहा गोल, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात, आणि त्याच वर्षी जुलैत इंग्लंडच्या डर्बी काउंटीत. तिसऱ्या विभागात सुरुवात करूनही हे जमतं. पण प्रत्येक टप्प्यावर आधी खालच्या पातळीवर पूर्ण सामने खेळून, आणि कॉलेज बदलण्याची वेळ नेमकी साधून.

आता कराराचं. ड्राफ्टमध्ये नाव पुकारलं जाणं याचा अर्थ इतकाच की एमएलएसमध्ये त्या खेळाडूशी बोलण्याचा हक्क त्या संघाला मिळाला. करार नाही, पगार नाही. पूर्वतयारी शिबिराचं बोलावणं येतं, चार-सहा आठवडे चाचणी होते आणि पुष्कळ जण तिथूनच परततात. करार झाला तर तो क्लबशी होत नाही, लीगशी होतो. नवोदिताच्या करारात बहुधा एक वर्ष पक्कं आणि पुढची वर्षं 'पर्याय' म्हणून असतात. तो पर्याय वापरायचा की नाही हे क्लब ठरवतो. बहुतेक खेळाडूंना न विचारता दुसऱ्या शहरात पाठवता येतं, जसं वॉन्डोलोव्स्कीला पाठवलं. पगाराचे आकडे लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारानं ठरलेले आहेत: २०२५ मध्ये राखीव यादीतल्या खेळाडूला वर्षाला किमान ८०,६२२ डॉलर, मुख्य यादीतल्याला किमान १,०४,००० डॉलर. रुपयांत गुणून पाहिलं की डोळे फिरतात, पण सॅन होजेसारख्या शहरात घरभाडं भरणाऱ्याला विचारा. तिथं राहणारी मराठी कुटुंबं काही कमी नाहीत. नेक्स्ट प्रो किंवा युनायटेड सॉकर लीगच्या संघांत पगार याहून बराच कमी.

परदेशी खेळाडूसाठी आणखी एक भिंत आहे, जिच्याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नसतं. एमएलएसच्या प्रत्येक संघाला परदेशी खेळाडूंच्या ठरावीक जागा मिळतात, मूळ वाटपात आठ. या जागांची संघ आपापसांत खरेदी-विक्री करतात. ग्रीन कार्ड नसलेला भारतीय पदवीधर यातली एक जागा अडवतो. त्याच जागेवर क्लबला अर्जेंटिनातून किंवा घानातून तयार, वीस वर्षांचा स्ट्रायकर आणता येतो. प्रशिक्षकाच्या मनात हा हिशेब चालू असतो, तेव्हा बावीस वर्षांच्या, अजून शिकाऊ फॉरवर्डला ती जागा देण्यासाठी तो पोरगा नुसता चांगला असून भागत नाही. सुनील छेत्री २०१० मध्ये कॅन्सस सिटी विझर्ड्सकडे गेला तेव्हा तो भारताचा प्रस्थापित गोलंदाज, माफ करा, गोलकर्ता होता. क्रिकेटची सवय कुठे जाते! तरी लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

शिष्यवृत्तीचा हिशेब तर सर्वांत जास्त फसवा. गेली कित्येक वर्षं पहिल्या विभागातल्या पुरुष फुटबॉल संघाला एकूण ९.९ शिष्यवृत्त्या देता येत होत्या, दुसऱ्या विभागात ९. संघात पोरं अठ्ठावीस-तीस. म्हणजे सरासरी काढली तर एकाच्या वाट्याला एक तृतीयांश. गोलरक्षक, मधल्या फळीचा कणा आणि एखादा फॉरवर्ड यांना जास्त, बाकीच्यांना पुस्तकांपुरते पैसे. जून २०२५ मध्ये एनसीएएविरुद्धच्या खटल्यात न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघात २८ खेळाडूंची मर्यादा आली. कागदावर सगळ्या अठ्ठावीस जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण तेवढा पैसा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल सोडून सॉकरवर कोण खर्च करणार? तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, अभ्यासाच्या गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, आणि हुशार मुलासाठी ती कधी कधी पहिल्या विभागातल्या तुकड्यापेक्षा मोठी असते. खासगी विद्यापीठाचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ७० हजार डॉलरच्या वर सहज जातो. 'शिष्यवृत्ती मिळाली' हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न 'किती टक्के, आणि दरवर्षी नव्यानं मंजूर होणार का' हा विचारलाच पाहिजे. आणि स्वतःच्या नावावर, छायाचित्रावर जाहिरातींतून कमाई करण्याची जी मुभा अमेरिकन मुलांना मिळाली आहे, तिचा फायदा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला घेता येईल असं धरून चालू नये. त्या व्हिसावर कामाचे निर्बंध कडक आहेत.

ज्यांना तरीही प्रयत्न करायचा आहे त्यांच्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. पहिल्या विभागातल्या प्रशिक्षकांना दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलायची परवानगी नसते. त्याआधी पाठवलेल्या ई-मेलला उत्तर आलं नाही म्हणून कुणी निराश होऊ नये आणि 'आमच्या ओळखीनं उत्तर येईल' म्हणणाऱ्याला पैसेही देऊ नयेत. नववीपासूनच्या गुणपत्रिका जपून ठेवाव्यात. एनसीएएचं पात्रता केंद्र चारही वर्षांचे विषय आणि गुण तपासतं, फक्त बारावीचे नाही. बारावीनंतर 'एक-दोन वर्षं क्लबकडून खेळून मग जाऊ' हा बेत तर पुष्कळांना महागात पडतो: आतापर्यंतच्या नियमांनुसार पहिल्या विभागात एका वर्षाच्या सवलतीनंतर संघटित स्पर्धा खेळत राहिलात की कॉलेजचे हंगाम वजा होत जातात. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून एजंटाच्या तोंडावर न विसंबता पात्रता केंद्राच्याच कागदावर पाहावेत.

व्हिडिओ हा आपल्याकडचा सगळ्यात कच्चा भाग. शाळेच्या मैदानावर, साइडलाइनवर उभं राहून मोबाइलवर घेतलेल्या चित्रणात फक्त चेंडूमागे धावणारे पाय दिसतात. फॉरवर्डचं निम्मं काम चेंडूपासून दूर होतं, ते त्यात येतच नाही. मध्यरेषेच्या सरळ रेषेत, गॅलरीच्या वरच्या पायरीवर किंवा जवळच्या इमारतीच्या गच्चीवर ट्रायपॉड लावावा, चौकट एवढी रुंद ठेवावी की दोन्ही संघांची बचावफळी दिसेल. तीन ते पाच मिनिटांची निवडक क्षणचित्रं पुरेत, आणि सोबत एक पूर्ण सामना, काटछाट न केलेला. क्षणचित्रांत प्रत्येक तुकड्याआधी आपल्या मुलाभोवती वर्तुळ काढून चित्र दोन सेकंद थांबवावं. गोलांच्या जोडीला चेंडू हरवल्यावर त्यानं पहिल्या पाच सेकंदांत काय केलं, हे दाखवणारे चार-पाच तुकडे घालावेत. प्रशिक्षक ते आधी पाहतात. पार्श्वसंगीत नको. ई-मेलमध्ये जन्मवर्ष, उंची, कोणता पाय, शाळेचे गुण आणि पुढच्या सामन्यांच्या तारखा, बस.

आता मैदानातला मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वॉन्डोलोव्स्की फार वेगवान नव्हता, ड्रिबलिंगही बेताचं. त्याचे कितीतरी गोल सहा यार्डांच्या आत, एका स्पर्शात झाले. संघातल्या कुणीही गोलवर फटका मारला की गोलरक्षकाच्या हातून सुटलेल्या चेंडूसाठी तो धावणार म्हणजे धावणारच. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडच्या फॉरवर्डना हे शिकवताना नव्वद टक्के वेळा चुकीचं शिकवलं जातं: 'फटका बसला की धाव!' फटका बसल्यावर धावलं तर उशीर झालेला असतो. आणि फटक्याआधीच फार पुढे गेलं तर ऑफसाइड. गोलरक्षकानं अडवलेला किंवा खांबाला लागून परत आलेला चेंडू ऑफसाइड पुसून टाकत नाही. फटका बसताना तुम्ही बचावपटूंच्या पुढे असाल आणि तो परतलेला चेंडू खेळलात, तर निशाण वर जाणारच. म्हणजे फटका मारणाऱ्याचा टेकणारा पाय जमिनीवर पडतो त्या क्षणी तुम्ही (गोलरक्षक धरून) शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत हवेत, पण वेगात. थांबलेले नाही.

दिशाही ठरलेली असते. गोलरक्षकांना चेंडू मधे न सोडता बाजूला ढकलायला शिकवलेलं असतं. उजवीकडून आलेला तिरका फटका बहुधा दूरच्या, डाव्या अंगाला निसटतो. म्हणून फटका जिकडून, त्याच्या उलट्या खांबाच्या रेषेत, गोलपासून सहा-आठ यार्डांवर यायचं आणि तिथं वेग तोडून अंग उघडं ठेवायचं, म्हणजे दोन्ही पायांनी खेळता येईल. गोलरेषेपर्यंत धावत गेलेला पोरगा चेंडू मागून जाताना बघत राहतो. सरावासाठी वीस यार्डांवर एक मारणारा, बॉक्समध्ये एक बचावपटू, एक फॉरवर्ड आणि रेषेवर निशाण घेऊन एक मुलगा लागतो. निशाण हवंच; त्याशिवाय हा सराव ऑफसाइडची सवय लावतो. दहा फटक्यांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. त्याहून जास्त केलं की पाय थकतात आणि पोरं वेळेच्या आधी निघायला लागतात. दहापैकी सात-आठ वेळा चेंडू त्यांच्याकडे येणारच नाही. तरी प्रत्येक वेळी धाव पूर्ण झाली का, एवढंच मोजावं. गोल मोजू नयेत.

दुसरी गोष्ट बचावपटूच्या नजरेची. बचावपटू चेंडूकडे बघत असतो. त्याला चेंडू आणि फॉरवर्ड एकाच वेळी दिसणार नाहीत अशा जागी, त्याच्या मागच्या खांद्याआड उभं राहायचं, क्रॉस, म्हणजे बाजूनं बॉक्समध्ये टाकलेला चेंडू, निघण्याच्या आधी दोन पावलं दूरच्या खांबाकडे टाकून त्याला वळायला लावायचं आणि शेवटच्या तीन पावलांत त्याच्या पुढून जवळच्या खांबाकडे कापत जायचं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर भर गर्दीत खेळणाऱ्या पोरांकडे पायाचं कसब भरपूर असतं. कमी पडतं ते हे, चेंडू नसतानाचं चालणं.

या पद्धतीतही चुका होतात, आणि मोठ्या मंचावर होतात. १ जुलै २०१४, साल्वाडोर, विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध ०-०, भरपाई वेळ चालू. डोक्यानं पुढे पाडलेला चेंडू अगदी गोलच्या तोंडावर वॉन्डोलोव्स्कीच्या पायाशी आला, आणि त्यानं तो वरून मारला. अमेरिका जादा वेळेत १-२ अशी हरली. तो तिथं पोचला होता, ऐन वेळी, ऐन जागी. त्यापुढचं एक पाऊल चुकलं. त्यानंतरही पाच हंगाम त्याचे गोल दोन आकडी होते, आणि १८ मे २०१९ रोजी शिकागोविरुद्ध एका सामन्यात चार गोल करून तो डोनोवनच्या १४५ गोलांच्या लीग विक्रमाच्या पुढे गेला. त्या दिवसापर्यंत त्या हंगामात त्याचा एकही गोल नव्हता. फॉरवर्डच्या आयुष्यात असे कोरडे महिने येतातच. राखीव संघात ते काढलेले असले की पहिल्या संघात ते झेपतात.

नवोदित फॉरवर्डचं घोडं बहुधा वेगळ्याच ठिकाणी अडतं. पहिल्या हंगामात त्याला शेवटची दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तीही संघ एका गोलनं पुढे असताना. तेव्हा प्रशिक्षकाला गोल नको असतो. प्रतिस्पर्धी बचावपटूला चेंडू आरामात खेळू न देणं, लांबून आलेला चेंडू कॉर्नरच्या निशाणापाशी नेऊन दाबून धरणं, फाउल मिळवणं, स्वतःच्या बॉक्समध्ये कॉर्नर अडवायला परत येणं, ही कामं असतात. 'पंधरा मिनिटांत स्वतःला सिद्ध करतो' म्हणून पंचवीस यार्डांवरून फटके मारणारा पोरगा पुढच्या शनिवारी यादीत नसतो. कॉलेजात तो संघाचा राजा होता, त्याला ही हमाली कुणी सांगितलेली नसते.

शरीराचंही तसंच. कॉलेजचा हंगाम संपल्यावर परीक्षा, सुट्टी आणि जानेवारीत एकदम व्यावसायिक शिबिर. डिसेंबरातले ते चार आठवडे पोरं जिममध्ये वजनं उचलण्यात घालवतात आणि पूर्ण वेगाची धाव एकही घेत नाहीत. मग शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात मांडीचा मागचा स्नायू जातो, तीन-चार आठवडे बाहेर, आणि चाचणी संपलेली. सुट्टीतही आठवड्यातून दोनदा तीस-चाळीस मीटरच्या सहा-आठ धावा पूर्ण वेगानं, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, एवढं राखलं तर हा धोका बराच कमी होतो. मोठ्या दुखापतींवर मात्र कुणाचाच इलाज नसतो: जॉर्डन मॉरिसच्या गुडघ्याचा अस्थिबंध २०१८ च्या फेब्रुवारीत तुटला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत, वेल्सच्या स्वान्सी क्लबकडून खेळताना, दुसऱ्या गुडघ्याचाही. स्टॅनफर्डचं शिक्षण अशा वेळी कामाला येतं, हे कॉलेजच्या वाटेच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आपल्याकडची वाट कॉलेजातून जात नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर अशा संघांत गेला. अठराव्या वर्षी व्यावसायिक संघात जाण्याची ही वाट अमेरिकेच्या वाटेपेक्षा वाईट म्हणता येणार नाही. दोन्हींत मिनिटं कुठे मिळतील हाच प्रश्न आहे. पालकांनी अमेरिकेतल्या प्रशिक्षकाला विचारायचे प्रश्न त्यामुळे साधे आहेत. तुमच्या संघात माझ्या मुलाच्या जागेवर सध्या किती जण आहेत आणि ते कोणत्या वर्षाला आहेत? पहिल्या वर्षाच्या फॉरवर्डला गेल्या हंगामात किती मिनिटं मिळाली? उन्हाळ्यात मुलं युनायटेड सॉकर लीगच्या 'लीग टू' या उन्हाळी लीगसारख्या स्पर्धांत खेळायला जातात का, आणि कोणत्या संघात? उत्तरं आकड्यांत मिळाली नाहीत तर पुढच्या कॉलेजला लिहावं.

आणि आपल्याला एक विनंती. यापुढे ड्राफ्टची बातमी छापताना त्यात तीन गोष्टी असाव्यात: कितवी फेरी व कितवा क्रमांक, करारावर सही झाली आहे की फक्त शिबिराचं बोलावणं आहे, आणि खेळाडू मुख्य यादीत जाणार की दुय्यम संघात. दोन ओळी जास्त लागतील.

आपला,
एक फुटबॉल प्रशिक्षक
कोल्हापूर